गौरींच्या चिंचपेट्या: इपॉक्सी क्ले, खडे आणि मणी यांच्या कामाच्या नोंदी

३० जून २०२४, रविवार. नौपाडा, ठाणे

आमच्या घरी उभ्या गौरी असतात आणि दोन्ही मुखवटे पितळेचे आहेत. त्यांच्या दागिन्यांचा पत्र्याचा डबा आज माळ्यावरून खाली काढला. दोन चिंचपेट्या, कुड्यांचे दोन जोड आणि दोन नथी असा एकूण ऐवज आहे. मुलामा उडाल्याचे मला फारसे वाईट वाटत नाही, पण डब्याच्या तळाशी सुटे खडे सापडतात आणि दर वर्षी त्यांची संख्या वाढते. या वेळी मोजले तर एकवीस निघाले.

पुन्हा गोंद लावून ते बसवण्याआधी ते का गळतात हे पाहावे म्हणून भिंग घेतले, आणि गोंदावर इतकी वर्षे घेतलेला आळ चुकीचा असल्याचे लक्षात आले. गळलेल्या खड्यांच्या पाठी नुसत्या काचेच्या होत्या. त्यांच्यावरचा चंदेरी मुलामा मात्र चिंचपेटीवरच, गोंदाला घट्ट धरून राहिलेला होता. म्हणजे गोंदाने मुलामा सोडला नाही, मुलाम्यानेच काच सोडली. असे असेल तर गोंद कितीही भारी आणला तरी पुढल्या वर्षी खडे पुन्हा डब्यात येणार. खडा पाठीने चिकटवण्याऐवजी कमरेपर्यंत, म्हणजे त्याच्या सर्वांत रुंद भागापर्यंत, रुतवला पाहिजे आणि त्याच्या कडेवर कोंदणाची बारीक किनार आली पाहिजे. सोनार हे काम सोन्याने करतो. मी ते इपॉक्सी क्लेने, म्हणजे दोन भाग एकत्र मळल्यावर कडक होणाऱ्या मातीसारख्या लगद्याने, करायचे ठरवले आहे, कारण त्याला भट्टी लागत नाही, तो साध्या खोलीत चोवीस तासांत कडक होतो आणि वजनाला हलका असतो.

आवाहन १० सप्टेंबरला आहे, म्हणजे हातात बहात्तर दिवस आहेत आणि त्यांतले बहुतेक पावसाचे आहेत. मुखवट्याखालच्या गळ्याचा घेर २४ सेंटीमीटर भरला. समोरच्या बाजूला सात तुकडे आणि मागे रेशमी दोरा व गोंडा, अशी जुन्या चिंचपेटीचीच मांडणी ठेवणार आहे. दोघींसाठी मिळून चौदा तुकडे लागतील आणि ते सगळे एकसारखे असायला हवेत, कारण ज्येष्ठा आणि कनिष्ठा शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

६ जुलै, शनिवार

सकाळच्या जलद लोकलने सीएसएमटी गाठून तिथून चालत भुलेश्वरला गेले. खड्यांसाठी जांभळी नाका पुरला असता, पण कडा असलेले पितळी तुकडे मला ठाण्यात मिळाले नव्हते. इथे हवे तसे मिळाले. बाहेरून १७ गुणिले १३ मिलिमीटर, आतून १५ गुणिले ११, कडेची उंची २ मिलिमीटर आणि दोन्ही अंगांना दोरा ओवण्यासाठी दोन दोन कड्या, असे ते आहेत. नमुने बिघडणार हे गृहीत धरून तीस घेतले.

खड्यांच्या दुकानात मी आधी मुलामा नसलेले खडे मागितले. मुलामाच सुटतो, तर तो नकोच, असा माझा हिशोब होता. दुकानदार म्हणाले, "ताई, पाठीला चमक असलेलाच घ्या. नाहीतर क्लेमध्ये खडा मरतो." दुकानात मान डोलावली, पण त्याचे कारण परतीच्या गाडीत उलगडले. हवेत धरलेला पैलूदार खडा चमकतो, कारण वरून आलेला प्रकाश त्याच्या मागच्या तिरप्या पैलूंवरून परत फिरतो. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे तिच्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचा आकडा, सुमारे १.५ असतो आणि कडक झालेल्या इपॉक्सीचाही साधारण तेवढाच असतो. त्यामुळे क्ले त्या पैलूंना बिलगला की प्रकाशाला मागे फिरण्याचे कारणच उरत नाही, तो सरळ क्लेमध्ये शिरतो आणि खड्याच्या जागी रंगीत ठिपका दिसतो. मुलामा आरशाचे काम करतो आणि प्रकाश परत पाठवतो. कुंदनकामात खड्याखाली चकाकता पत्रा घालतात तो याचसाठी. आपल्याकडे 'अमेरिकन डायमंड' या नावाने विकला जाणारा खडा काचेचा नसून झिरकोनिया नावाच्या कृत्रिम स्फटिकाचा असतो. त्याचा अपवर्तनांक २.१५ च्या पुढे असल्यामुळे तो क्लेमध्ये तुलनेने कमी मरतो, पण वजनाला काचेच्या दुपटीहून जड असतो आणि त्याची किंमतही जास्त पडते. तेव्हा मुलाम्याचे काचेचे खडेच घेतले. मुलामा असू द्यावा, पण खड्याचा भार त्याच्यावर टाकू नये, एवढेच पथ्य ठेवले.

मापांची भाषा आता थोडी अंगवळणी पडली आहे. टोकदार पाठीच्या खड्यांना 'एसएस' या मापाचे आकडे असतात, त्यांत १२ म्हणजे साधारण ३ मिलिमीटर आणि १६ म्हणजे साधारण ४. मण्यांचा हिशोब उलटा असतो, आकडा वाढला की मणी लहान होतो, आणि ११ नंबरचा मणी जेमतेम २ मिलिमीटरचा असतो. डॅनियल स्वारोव्स्की यांनी १८९२ मध्ये काच पैलू पाडण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १८९५ मध्ये ऑस्ट्रियातील वॅटेन्स येथे कारखाना काढला. काचेचे खडे इतके एकसारखे आणि इतके स्वस्त होण्यामागे ते यंत्र आहे. माझ्या पुड्यांवर कोणत्याही कारखान्याचे नाव नाही, तरी व्हर्नियर (बारीक मापे मोजायचे साधन) लावल्यावर शंभरांत पाच-सहाच खडे मापाबाहेर निघाले.

७ जुलै, रविवार

पहिला नमुना बिघडला. क्लेचे दोन भाग असतात, एक राळेचा आणि दुसरा तिला कडक करणारा, आणि ते समसमान मिसळायचे असतात. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरला. तो एक ग्रॅमच्या टप्प्याने आकडे दाखवतो हे मला माहीत होते, पण त्याचा अर्थ मी लक्षात घेतला नव्हता. काट्यावर दोन ग्रॅम दिसत असताना प्रत्यक्षात दीड असू शकतात किंवा जवळजवळ अडीचही. एवढ्या लहान गोळ्यात ही तफावत फार मोठी ठरते.

आज रात्री क्ले खालून घट्ट वाटत होता, पण नखाने दाबला की खूण उमटत होती. कडक करणारा भाग जास्त पडला तर क्ले लवकर आणि जास्त कडक होईल अशी माझी भाबडी समजूत होती. दोन्ही भागांचे रेणू ठरलेल्या प्रमाणात एकमेकांशी जोडले जातात. ज्याला जोडीदार मिळत नाही तो भाग तसाच चिकट राहतो, मग चोवीस तास ठेवा की आठवडाभर. तो तुकडा टाकून दिला.

१४ जुलै, रविवार

०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा खिशातला काटा जांभळी नाक्याजवळ मिळाला. प्रत्येक भाग २.०० ग्रॅम घेतला आणि दोन्ही घड्याळ लावून पाच मिनिटे मळले. गोळ्यात कुठेही रेघ दिसेनाशी झाल्यावरही एक मिनिट अधिक मळले, कारण डोळ्यांना रंग एकजीव दिसला तरी क्ले एकजीव झालेला असतोच असे नाही.

या नमुन्यात क्ले उत्तम कडक झाला, पण खडे फसले. मधोमध ४ मिलिमीटरचा मोठा लाल खडा ठेवावा अशी इच्छा होती. खड्याची पूर्ण उंची सुमारे ३ मिलिमीटर आहे आणि त्यांतली दोनपेक्षा थोडी जास्त उंची कमरेच्या खालच्या टोकदार भागाची आहे. पितळी कडा २ मिलिमीटरचीच असल्याने टोक तळाला टेकले आणि खड्याची कंबर कडेच्या वर उघडी राहिली. तो खडा क्लेवर नुसता बसलेला होता. पिनने ढकलताच तो निघाला आणि मुलामा क्लेमध्येच राहिला. डब्यातल्या एकवीस खड्यांचा प्रकार मी स्वतःच्या हाताने पुन्हा घडवला, असेच म्हणावे लागेल.

शेजारचा ३ मिलिमीटरचा खडा मात्र पिनने हललाही नाही. त्याचे टोक तळाला टेकल्यावर त्याची कंबर तळापासून दीड मिलिमीटरवर येते आणि तिच्यावर क्लेची किनार चढायला जागा उरते. त्यामुळे मोठ्या खड्याचा विचार सोडून दिला. आता मधोमध ३ मिलिमीटरच्या पाच लाल खड्यांची चौफुली, चार कोपऱ्यांत २ मिलिमीटरचे पांढरे खडे आणि चौफुलीच्या दोन्ही अंगांना एक एक सोनेरी मणी अशी मांडणी ठरली. सासूबाईंनी कागदावरचे चित्र पाहून, "अगं, मोठा खडा असता तर लांबून दिसला असता," असे म्हटले. त्यांचे म्हणणे खरे आहे, पण लांबून दिसणारी रिकामी जागाही लांबूनच दिसते. तसे त्यांना सांगितले नाही. "आई, कडा उंच असलेले तुकडे मिळाले तर पुढच्या वर्षी करू," इतकेच म्हणाले.

आणखी एक चूक टिपून ठेवायला हवी. पितळी तुकडा क्लेने काठोकाठ भरला होता. खडे रुतू लागले तसा क्ले वर सरकला आणि पांढऱ्या खड्यांच्या तोंडावर पसरला. आर्किमिडीजची गोष्ट शाळेत शिकूनही पाऊण भरावे हे सुचायला दोन नमुने लागले.

२१ जुलै, रविवार

शुक्रवारपासून पाऊस थांबलेला नाही आणि कपाटातल्या कपड्यांना वास येऊ लागला आहे. काल केलेला तिसरा नमुना सकाळी पाहिला तर क्लेवर पांढुरका, मेणासारखा थर आला होता. आधी वाटले की मिश्रणच पुन्हा चुकले, पण आतला भाग दगडासारखा टणक होता. क्ले कडक होत असताना त्याच्या कडक करणाऱ्या भागातल्या अमाइन या रसायनाचा हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संबंध येऊन पृष्ठभागावर असा थर धरतो, आणि दमट हवेत तो जास्त दिसतो. साबणाच्या कोमट पाण्यात कापूस भिजवून, घट्ट पिळून पुसल्यावर तो निघाला. तुकडा पाण्यात बुडवला नाही, कारण खड्याच्या कडेतून पाणी आत शिरले तर मुलामा काळा पडतो.

यापुढे ओले तुकडे लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. औषधांच्या बाटल्यांतून निघालेल्या पुड्या मी जमवत असते. त्यांचा उपयोग काय, असे घरात अनेकदा विचारले गेले आहे.

हातांविषयीही लिहून ठेवते. पहिल्या नमुन्याच्या वेळी केसांच्या रंगाबरोबर मिळणारे पातळ प्लास्टिकचे हातमोजे घातले होते. ते बोटांवर सैल होते आणि चिमटीतून फाटले. दुसऱ्या दिवशी दोन बोटांच्या मध्ये खाज सुटली. राळ आणि अमाइन या दोन्हींची त्वचेला ॲलर्जी जडू शकते आणि एकदा जडली की ती सहसा जन्मभर राहते, मग थोड्या संपर्कानेही त्रास होतो. आता नायट्राइलचे मोजे वापरते आणि पाऊण तासाने बदलते. कडक झालेला क्ले घासायची वेळ आली तर ओल्या पॉलिश पेपरने घासायचा आणि तोंडाला मास्क लावायचा.

२८ जुलै, रविवार

आज फक्त रंगाचे काम केले. क्लेचा पांढरा रंग लाल खड्यांच्या मध्ये उघडा पडतो, म्हणून मरून रंग हवा. चार चार तुकड्यांचे घाणे करायचे असल्याने प्रत्येक घाण्यात रंग मिसळला असता तर चौदा तुकड्यांच्या चार छटा झाल्या असत्या. राळेचा भाग एकटा असताना कडक होत नाही, या गोष्टीचा फायदा घेतला. लागणारी सगळी राळ एकदाच काढून तिच्यात कोरडी रंगपूड मळली आणि डबीत बंद केली. पाण्यातला रंग वापरला नाही, कारण पाणी कोंडले तर क्ले ठिसूळ होतो. पुडीचे वजन धरून राळ किती घ्यायची याचा आकडा डबीच्या झाकणावर लिहिला.

४ ऑगस्ट, रविवार

तुकडे १ ते ४ झाले. आधी पितळेचा तळ सुईने आडवा-उभा खरवडून स्पिरिटने पुसला, म्हणजे क्लेला धरायला जागा मिळते. एका तुकड्यात ०.६० ग्रॅम क्ले भरला की पाऊण भरतो. खडे उचलायला मेणाचा गोळा लावलेली काडी सर्वांत चांगली. चिमट्याने कडेला टवके उडतात. क्रमही ठरवला आहे. आधी मधला खडा, मग चौफुलीचे चार, मग कोपरे, शेवटी मणी. सगळे आधी नुसते टेकवून ठेवायचे आणि ओळ सरळ दिसली की मगच दातकोरणीच्या बोथट टोकाने एक एक खाली दाबायचा. खडा टेकल्याचे बोटाला कळते. त्यानंतर त्याच्याभोवतीचा क्ले ओलसर काडीने आत लोटला की कमरेवर किनार येते.

एका तुकड्याला बारा मिनिटे लागली. क्ले मळल्यापासून तासाभरापर्यंत मऊ असतो, त्यानंतर तो खडा आत घेतो पण किनार धरत नाही. चार तुकड्यांना अठ्ठेचाळीस मिनिटे, मळण्याची सहा, भरण्याची चार. दोन मिनिटे शिल्लक राहिली.

११ ऑगस्ट, रविवार

५ ते ८ झाले. हाताला सवय झाली असून एका तुकड्याला दहा मिनिटे पुरतात. खड्यांवर लागलेला क्ले स्पिरिटच्या कापसाने ओला असतानाच पुसला. कापूस निथळत असेल तर स्पिरिट खड्याच्या कडेने आत उतरते, म्हणून कापूस आधी टिपकागदावर दाबून घेते.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुटी असल्याने ९ ते १२ हाती घेतले. अकरावा संपत असताना गॅसचा सिलिंडर आला. घरात मी एकटीच होते. मोजे काढणे, पावती, जुना सिलिंडर बाहेर देणे, पुन्हा नवे मोजे घालणे यांत पंधरा मिनिटे गेली. बारावा तुकडा करताना क्ले काडीला जोर करू लागला होता. खडे बसले, ओळही सरळ आली, पण किनार लोटताना क्ले वळण्याऐवजी तुटत होता. नवा घाणा करावा की नाही या विचारात थोडा वेळ गेला आणि शेवटी तोच ठेवला. तुकड्याच्या पाठीला सुईने बारीक १२ कोरला.

१८ ऑगस्ट, रविवार

१३, १४ आणि राखीव दोन झाले. पिनने सगळ्या तुकड्यांचे खडे तपासले. एकही हलला नाही, बाराव्याचेही नाहीत. उद्या राखी असल्याने टेबल रिकामे करून दिले.

२५ ऑगस्ट, रविवार

कुड्यांचे काम अपेक्षेपेक्षा सोपे निघाले, आणि त्याचे श्रेय भूमितीला आहे. एका गोल मोत्याभोवती त्याच मापाचे बरोबर सहा मोती बसतात, फट राहत नाही आणि सातवा मावत नाही. पारंपरिक कुडीत सात मोती असतात त्याचे इतके साधे कारण मला आजवर सुचले नव्हते. ४ मिलिमीटरचे काचेचे मोती घेतले, त्यामुळे कुडीचा व्यास १२ मिलिमीटर झाला. मोत्याला खड्यासारखी कंबर नसते, पण गोलाचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग क्लेमध्ये गेला की किनार आपोआप आत वळते. मोत्याचे भोक आडवे ठेवले, म्हणजे क्ले दोन्ही टोकांतून आत शिरून त्याला खिळीसारखा धरतो. मुखवट्याच्या कानांची भोके बारीक असल्याने फिरकीऐवजी तारेचा आकडा केला.

१ सप्टेंबर, रविवार

चिंचपेट्या गाठवल्या. दोन तुकड्यांच्या मध्ये वर एक आणि खाली एक असे मोती घेतले आणि दोन्ही दोरे एकाच वेळी ओढत गेले, नाहीतर पेटी एका अंगाला वळते. तुकडे क्रमाने न ओवता १ ज्येष्ठेला, २ कनिष्ठेला असे आळीपाळीने दिले. छटेत फरक असलाच तर तो दोघींत सारखा वाटला जावा हा हेतू. गोंडे आईंनी बांधले. त्यांच्या गाठी माझ्यापेक्षा बारीक येतात.

५ सप्टेंबर, गुरुवार

नथी झाल्या. त्यांत क्लेचे काम फक्त मधल्या लाल खड्याच्या कोंदणापुरते आहे, बाकी तार आणि मोती. कनिष्ठेच्या नथीचा आकडा किंचित मोठा झाला आहे.

१० सप्टेंबर, मंगळवार

आवाहन झाले. चिंचपेट्या गळ्याला नीट बसल्या. तेलाच्या दिव्यात मरून क्ले जवळजवळ काळा दिसतो आणि खडे त्याच्यातून वर येतात. दिवसाच्या उजेडात मी हे पाहिले नव्हते. मोठ्या खड्याविषयी आई काही बोलल्या नाहीत.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

काल विसर्जनानंतर दागिने उतरवून पांढऱ्या पंच्यावर ठेवले आणि आज भिंगाखाली मोजले. चौदा तुकड्यांत ७० लाल आणि ५६ पांढरे, असे १२६ खडे असायला हवेत. १२४ भरले. कुड्यांचे २८ मोती जागेवर आहेत. दोन लाल खडे पंच्याच्या घडीत सापडले आणि दोघांच्याही पाठीवर मुलामा शाबूत होता, म्हणजे ते मुलाम्यापाशी सुटले नव्हते, क्लेनेच त्यांना धरले नव्हते. रिकामी घरे कनिष्ठेच्या चिंचपेटीत, शेवटून दुसऱ्या तुकड्यात होती. उलटून पाहिले तर पाठीवर १२ कोरलेला होता. तो तुकडा उसवून राखीव दोघांपैकी एक ओवला आणि उरलेला डब्यात ठेवला.